फादर घडवताना आम्हालाही विचारा

शाळेत होते तेव्हा स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास यायचा. "बाई, तुमच्यात फादर व्हायला किती वर्षं शिकावं लागतं हो?" मी सांगायचे, धर्मसंघातला असेल तर दहा-बारा वर्षं धरा, जेज्विट संघातला असेल तर त्याहूनही जास्त. कुणाचा विश्वास बसायचा नाही. डॉक्टर होऊन वर एमडी केलं तरी एवढा काळ लागत नाही, म्हणायचे. गुरुदीक्षेचे, म्हणजे फादर होण्याच्या विधीचे, फोटो फेसबुकवर आले की तो प्रश्न मला अजून आठवतो. फोटोत बिशपांनी डोक्यावर ठेवलेले हात, आईचे भरलेले डोळे, नवीन झगा, सगळं दिसतं. त्यामागची दहा-बारा वर्षं दिसत नाहीत. मला बोलायचंय ते त्या वर्षांबद्दल.

मी मूळची सावंतवाडीची कॅथलिक, लग्न होऊन म्हापशाला आले. घरात मराठी, बाजारात कोंकणी. निवृत्तीनंतर सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर भागात कामाला जाणाऱ्या ब्रदरांना, म्हणजे फादर व्हायला शिकणाऱ्या मुलांना, मराठी शिकवते. त्यामुळे ही मुलं जवळून पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मला माया आहे, आणि म्हणूनच हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धर्मप्रांताचा फादर आपल्या बिशपांच्या हाताखाली काम करतो. तो ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं वचन देतो. जेज्विट, सालेशियन, कापुचिन, कार्मेलाइट अशा धर्मसंघांतला माणूस दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो, समूहात राहतो, आणि संस्था पाठवेल तिथे जातो. मुलगा बारावीनंतर किंवा पदवी घेऊन येतो. सुरुवातीचा काळ ओळखीचा: एकत्र राहायचं, इंग्रजी सुधारायचं, भांडी घासायची, बागेत खपायचं. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा पारखण्याचा काळ. चर्चच्या कायद्याने ते किमान बारा महिन्यांचं असावं लागतं, जेज्विटांकडे ते दोन वर्षांचं असतं. त्या काळात त्यांचे नोव्हिस तीस दिवस मौनात राहून संघाचे संस्थापक इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना करतात, इस्पितळात रुग्णांची सेवा करतात, खिशात पैसे न घेता तीर्थयात्रेला निघतात. त्यानंतर व्रतं, बहुतेक संस्थांत आधी तात्पुरती आणि काही वर्षांनी कायमची. दोन वर्षं तत्त्वज्ञान, तीन-चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी), आणि या दोहोंच्या मध्ये एक-दोन वर्षं प्रत्यक्ष कामाची, ज्याला रीजन्सी म्हणतात. मग डीकन, म्हणजे फादरच्या आधीची पायरी, आणि किमान सहा महिन्यांनी फादर. पंचविशीच्या आत सहसा कुणाला फादर करता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटतात ती रीजन्सीची वर्षं. आणि नेमकी तीच वर्षं आपल्याकडे अभ्यासातली मधली सुट्टी असल्यासारखी काढली जातात. ब्रदरला शाळेच्या ऑफिसात बसवायचं, बोर्डिंगमधल्या मुलांवर लक्ष ठेवायला लावायचं, वार्षिक संमेलनाचं स्टेज बांधून घ्यायचं. कामं वाईट नाहीत, कुणीतरी करायलाच हवीत. पण ज्या माणसाला पुढची चाळीस वर्षं लोकांच्या मरणात, भांडणात, कर्जात, दारूत उभं राहायचंय, त्याला त्या दोन वर्षांत लोकांच्या घरात शिरायला मिळालं नाही तर कधी मिळणार?

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत पाहिलेली गोष्ट सांगते. माझ्या नात्यातल्या एका घरी मर्तिक होतं. कर्ता पुरुष गेलेला, बायको सुन्न बसलेली, पावसाने घर ओलंगच्च. तिथे कामाला आलेला एक ब्रदर प्रार्थनेचे कागद घेऊन आला. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नीट लावलेले, शुद्ध मराठीत टाइप केलेले. वाचायला सुरुवात करणार, एवढ्यात गेलेल्याची आई चुलीकडून म्हणाली, "ब्रदरा, आधी त्या पोराक पेज घाल. सकाळधरना उपाशी आसा." पोरगं चार वर्षांचं असेल. ब्रदर क्षणभर गोंधळला, फाइल खिडकीत ठेवली, आणि मागच्या पडवीत जाऊन बसला पोराला घेऊन. पेज गरम होती, फुंकर घालून घालून भरवत होता. वर थोडं लोणचं. पोरगं अर्धी पेज अंगावर सांडत होतं, याच्या पांढऱ्या झग्यावरही. बऱ्याच वेळाने प्रार्थना झाली, तीही कागद न बघता, तुटक्या मराठीत. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी मला म्हणाली, "ह्यो बरो फादर होतलो."

हा शेरा कुठल्या रिपोर्टात गेला? कुठेच नाही. दरवर्षी त्या ब्रदरचा अहवाल लिहिला गेला असणार. प्रार्थनेला वेळेवर येतो का, वरिष्ठांशी वागणं कसं, अभ्यास कसा, समूहात मिसळतो का. लिहिणारे सगळे संस्थेतले फादर. ज्या बाईने त्याला मर्तिकाच्या घरात पाहिलं, तिला कुणी विचारलं नाही. आणि उलटंही होतं. धर्मसंघाच्या एका घरात मी शिकवायला जायचे, तिथे स्वयंपाक करणारी ताई रोज चार वाजता चहा आणून ठेवायची. वर्गातला सगळ्यात हुशार ब्रदर, व्याकरण एकदा सांगितलं की पाठ, त्याने महिनोन् महिने त्या ताईकडे मान वर करून पाहिलं नाही. कप रिकामा झाला की टेबलाच्या कडेला सरकवायचा, बस. अहवालात त्याला उत्तमच शेरे मिळाले असतील. कोण आपलं ताट धुतो, कोण आजारी पडलेल्या सोबत्याला गरम पाणी नेऊन देतो, कोण फोनवर घरच्यांवर ओरडतो, हे त्या ताईला घराच्या प्रमुखांपेक्षा, रेक्टरांपेक्षा, जास्त माहीत. तिला विचारा, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. चर्चचा कायदा म्हणतो की दीक्षेला अडथळा ठरणारी एखादी गोष्ट माहीत असेल, तर ती दीक्षेआधी कळवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. आपल्या चर्चमध्ये उमेदवाराचं नाव जाहीर होतं ते त्यासाठीच. पण तोवर दहा वर्षं उलटलेली असतात, पत्रिका छापायला गेलेल्या असतात, हॉल बुक असतो. त्या वेळी कोण तोंड उघडणार? २०१६ साली रोमने सेमिनरीतल्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयांतल्या, शिक्षणाचा नवा आराखडा काढला, त्यात माणूसपणाची घडण, आध्यात्मिक, बौद्धिक आणि लोकसेवेची घडण अशा चार बाजू सांगितल्या आहेत. स्त्रियांचा या शिक्षणातला सहभाग मोलाचा आहे, असंही त्यात स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनड, म्हणजे रोममधली चर्चची जागतिक सभा, संपली, तिच्या अंतिम दस्तऐवजातही दीक्षार्थींच्या घडणीत स्त्रियांचा ठळक सहभाग असावा, असं आलंय. पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्ये धर्मसंघांच्या प्रमुखांना बजावलं होतं की घडण ही पोलिसी कामगिरी नव्हे. मुलांची मनं घडली नाहीत तर आपण छोटे राक्षस तयार करू, आणि तेच मग देवाच्या लोकांना घडवतील. लहान मुलांवरच्या अत्याचारांमुळे जगभर चर्चला जी मान खाली घालावी लागली, ती आठवली की हे शब्द कडक वाटत नाहीत.

गोव्यात तर 'लायक कोण' हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे. १५४१ मध्ये जुन्या गोव्यात सेमिनरी सुरू झाली, स्थानिक मुलं शिकू लागली. पण शिकून तयार झालेल्यांना युरोपियन धर्मसंघ आपल्यात घेत नसत. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोंना इथे दीक्षा नाकारली गेली; ते रोमला गेले, फादर झाले आणि १६३७ मध्ये बिशपही झाले. बाणावलीचे जोसेफ वाझ फादर झाले १६७६ मध्ये. त्यांनाही कुठल्या मोठ्या संघात जागा नव्हती. मग गोंयकार फादरांनी जुन्या गोव्यात स्वतःचाच ऑरेटरी नावाचा फादरांचा समूह उभा केला. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, उतरले, कारण डचांनी तिथे कॅथलिक फादरांना बंदी केली होती. कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. तिथून त्यांनी जे काम उभं केलं त्यासाठी २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केलं गेलं. ज्यांनी दारं लावून घेतली होती त्यांच्या मोजपट्टीत हा माणूस बसला नव्हता, हे आपण गोंयकारांनी तरी विसरू नये.

भाषेचंही तेच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहून इथली भाषा इतकी आपलीशी केली की त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही मराठीत. इथे राहून तो हे करू शकला. माझ्याकडे मात्र महाराष्ट्रात पाच-सहा वर्षं काढून आलेले ब्रदर येतात, त्यांना अजून दुकानात तांदूळ मागता येत नाहीत. दोष त्यांचा नाही. शिक्षण इंग्रजीतून, सोबती देशभरातले, जेवण आतच, खेळ आतच. बाहेरच्या माणसाशी बोलायची गरजच पडत नाही, तर भाषा येणार कुठून? मुलं मेहनती आहेत. वाडीवर महिनाभर राहिलेला ब्रदर परत येतो तेव्हा त्याचं मराठी माझ्या सहा महिन्यांच्या शिकवणीपेक्षा पुढे गेलेलं असतं.

शिकवणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. ज्याने स्वतः गावोगाव काम केलंय त्यानेच मुलांना घडवावं. पिलारला ज्यांची समाधी आहे ते वंदनीय आग्नेल दि सौझा आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत राशोलच्या सेमिनरीत मुलांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. तिथे पोचण्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं मिशनच्या खेड्यांत काढली होती. आज काही संस्थांत उलटं दिसतं. दीक्षा झाली, परदेशात डॉक्टरेट झाली, की थेट सेमिनरीत शिकवायला. विद्वत्ता हवीच, पण ज्याने कुणा गरिबाच्या घरी रात्र काढली नाही तो या मुलांना काय सांगणार?

आता थोडं आपल्या घरांबद्दल, कारण सगळं संस्थांवर ढकलून चालणार नाही. माझा भाचा सहा वर्षांनी परत आला. विचार करून, वरिष्ठांशी बोलून, नीट निरोप घेऊन आला. घडणीचा काळ असतो तो त्यासाठीच: संस्थेने मुलाला पारखावं आणि मुलाने स्वतःला. पण गावात आला तो दिवस आणि पुढचं वर्षभर, लोकांनी त्याला गुन्हेगारासारखं वागवलं. "काय झालं? काढला काय?" चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नात, बाजारात. त्याच्या आईला तर वाटायचं, देवाला दिलेलं परत घेतलं. आपल्या या वागण्यामुळे कितीतरी मुलं मन नसताना तिथेच राहतात आणि फादर होतात. मग त्या कडवटपणाची किंमत धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चची माणसं, मोजतात. परत आलेल्या मुलाला चहाला बोलवा, नोकरी शोधायला मदत करा, आणि प्रश्न विचारू नका.

संख्येचं कारण मला कुणी सांगू नये. घरात एक-दोनच मुलं, तीही परदेशी जायच्या तयारीत, म्हणून सेमिनरीत यायला मुलं कमी, हे खरं आहे. पण कमी आहेत म्हणून चाळणी मोठ्या भोकांची करायची, हे चालणार नाही. चांगला एक फादर चार गावं सांभाळतो, नको तो एक चार गावं तोडतो.

मी एका संस्थेला पत्र दिलं आहे. चार गोष्टी मागितल्या आहेत. रीजन्सीतले निदान सहा महिने ब्रदरने वाडीवरच्या एखाद्या कुटुंबाजवळ राहावं. दरवर्षी व्रतं नव्याने घेण्याआधी त्या वाडीतल्या दोघा-तिघांचं, त्यात एक तरी बाई, लेखी मत घ्यावं आणि लिहिता येत नसेल तर कुणीतरी बसून लिहून घ्यावं. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनाही विचारावं. आणि उमेदवारांविषयी निर्णय घेणाऱ्या मंडळात एक विवाहित जोडपं असावं, मत देण्याच्या अधिकारासह. बार्देश, पेडणे किंवा सावंतवाडीकडचे कुणी या पत्रावर सही करायला तयार असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. हिंदू शेजाऱ्यांनीही सही केली तर मला आनंद होईल; वाडीवर ब्रदर राहील तो तुमच्याही दारावरून जाणार आहे. मजकूर पाठवते, आवडला नाही तर दुरुस्त्या सुचवा.