‘रविवारी आम्हाला उपाशी ठेवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

आमच्या इटलीतल्या तोस्काना सहलीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. गाडीचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचत नव्हता आणि शनिवारी रात्री तुमच्या मेसेजला मी उशिरा उत्तर दिलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याबद्दल मनापासून माफी मागते. एसीचं काम बघतोय.

पण ‘मराठी बाई म्हणून विश्वासाने बुकिंग केलं आणि तिनेच रविवारी दुपारी आम्हाला उपाशी ठेवलं, चार वाजता थंड सँडविच हातात दिलं’ हे वाक्य काही केल्या मनातून जात नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते सांगते.

ग्रेव्हे गावात वाइन टेस्टिंग साडेअकराला संपलं. बारा वाजता तिथल्या चौकात, दर्यावर्दी वेराझानोच्या पुतळ्यापाशी जमायचं, असं मी दोनदा सांगितलं होतं. बाकी पाच जण आले. तुम्ही दोघं आलात एक वाजून पाच मिनिटांनी. काकूंना ऑलिव्हच्या लाकडाचं लाटणं घ्यायचं होतं, मग भाव, मग नातवाला व्हिडिओ कॉल करून तो पुतळा दाखवणं. काकूंना मी बोल लावत नाही, लाटणं खरंच सुरेख आहे. पण जेवण ठरलं होतं ते सान जिमिन्यानो गाव तिथून तासाभरावर, आणि टेबल सव्वा एकचं होतं. गाडी गावाच्या वेशीबाहेर लावावी लागते, मग चढ. आपण दारात पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. स्वयंपाकघर अडीचला बंद होतं.

तुम्ही तिथेही म्हणालात, ‘पाच मिनिटांनी काय होतं?’ आपल्याकडे खानावळीत साडेतीनलाही गरम पोळी मिळते, मान्य. इथे आचारी अडीचला घरी जातो, जेवतो, झोपतो आणि संध्याकाळी परत येतो. मी आत जाऊन हात जोडले. पास्त्याचं आधण त्याने नुकतंच मोरीत ओतलं होतं, वाफ येत होती अजून. तुमच्यासाठी मांस न घालता केलेली रिबोलिता, म्हणजे भाज्या-पावाचं दाट सूप, आणि लसूण-टोमॅटोचा पिची पास्ता, सगळं आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. त्याचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले. ते मी कोणाकडून घेतले नाहीत, आणि त्या दिवशी बोललेही नाही.

आणि ते सँडविच नव्हतं काका. ती स्कियाच्चाता होती, म्हणजे इथला चपटा पाव, भाजलेलं वांगं आणि टोमॅटो घातलेली. दिली तेव्हा तीन वाजले होते, चार नाही. पैसे माझेच.

‘चमचाभर वाइन, आमच्या नाशिकला यापेक्षा जास्त देतात’ असंही लिहिलंत. मी नाशिकचीच आहे. कियान्ती क्लासिकोच्या चार वाइन तुमच्यापुढे आल्या. काळ्या कोंबड्याची खूण असलेल्या त्या बाटलीत निदान ऐंशी टक्के सांजोवेझे द्राक्ष असावं लागतं, हे तिथल्या माणसाने सांगितलं तेव्हा तुम्ही पाचवा ग्लास मागत होतात. तो मिळालाही. असो.

शनिवारच्या जेवणाला माणशी अडीच युरो ‘बसायचे पैसे’ लावले, तो कोपेर्तो, म्हणजे इथली हॉटेलं टेबलाचे वेगळे लावतात ते पैसे. मेनूच्या तळाशी छापलेला असतो, माझ्या खिशात येत नाही. मी आधी सांगायला हवं होतं, यापुढे सांगेन. पाव अळणी, ही तक्रार मात्र मला करू नका. तोस्कानात तो असाच करतात. तुम्हाला गिळवेना, तेव्हा मी पर्समधून आईचं कैरीचं लोणचं काढून दिलं होतं. अर्धी बरणी संपली. अभिप्रायात त्याबद्दल एक ओळ असती तर बरं वाटलं असतं.

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढून काकू वर पोचल्या तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘पैसे वसूल.’ तेही अभिप्रायात नाही.

आमची एकच नऊ सीटची गाडी आहे. नवरा चालवतो, मी दाखवते. एप्रिल ते ऑक्टोबर जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. तुमचा अभिप्राय वाचून पुण्याच्या एका कुटुंबाने काल फोन करून विचारलं, ‘जेवण नक्की देता ना?’ काय सांगणार? देतो म्हटलं.

दुपारच्या जेवणाचं काहीतरी करतोच आहोत, वेळाही ठळक लिहून देऊ.

काकूंचा चिवड्याचा स्टीलचा डबा गाडीत राहिलाय. धुऊन ठेवलाय. ऑगस्टमध्ये आमचं कोणी तिकडे येईल, त्यांच्याबरोबर पाठवते. पत्ता तेवढा मेसेज करा, इथे लिहू नका.