पंचनाम्यापर्यंत थांबा, भाऊ

उमेदवार पूरग्रस्तांच्या दारात येतात याचा मला राग नाही. येऊ देत. नाही आले तर 'कुत्रंसुद्धा फिरकलं नाही' म्हणून आपणच बोटं मोडतो. राग आहे तो ते आल्यावर काय बघतात याचा.

गोव्यातला जुलै 2021 आठवा. 23 तारखेच्या सुमाराला म्हादई नदी फुगली, सत्तरी तालुक्यात मातीची घरं बसली, पैकुळचा पूल गेला. तिकडे तिळारी धरणाचं पाणी शापोरा नदीकाठच्या गावांत शिरलं. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत तेव्हा म्हणाले होते. आणि विधानसभेचं मतदान 14 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे पुरते सात महिनेही मध्ये नव्हते. मग काय! आमदार, माजी आमदार, भावी आमदार आणि कुठल्या पक्षाचं तिकीट घ्यायचं हे ज्यांचं अजून ठरायचं होतं ते, सगळे गमबूट घालून हजर.

मी एका नातेवाइकांकडे चिखल उपसायला गेलो होतो. मागची भिंत आडवी झालेली, तांदळाच्या पिंपात पाणी गेल्यामुळे घरभर आंबूस वास. एवढ्यात पाहुणे आले. आधी कॅमेरावाला, मग नेते. "वयनी, भिवं नाका, आमी आसात." वहिनींच्या हातात पिशवी ठेवली, त्यात तांदूळ, तेल, साखर, वर नेत्यांचा हसरा चेहरा. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सिलिंडर वाहून गेला, लाकडं भिजली. हे शिजवू कशावर?" एका कार्यकर्त्याने मोबाईलवर काहीतरी टिपून घेतलं आणि मंडळी पुढच्या घराकडे वळली.

वहिनींची खरी अडचण तर पिशवीच्या पलीकडची होती. घरपट्टी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर. पंचनाम्याला माणूस आला की पहिला प्रश्न कागदाचा. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहतो तो मुंडकार, आणि मुंडकार कायदा 1975 चा आहे. पंचायत क्षेत्रात घराखालची 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क त्यात मुंडकाराला दिलाय. पण मामलेदारांपुढे तारखा घेता घेता माणूस म्हातारा होतो. कागद नसला की भरपाईची फाईल अडते, आणि पडलेली भिंत पुन्हा उभी करायची म्हटली तरी धाकधूक. हे उमेदवारांना ठाऊक नसतं असं कोणी सांगू नका. त्यांतले बरेचजण वर्षभर जमिनीचेच व्यवहार करतात!

आता त्या पिशवीचा हिशेब बघा. 2022 ला गोव्यात उमेदवाराची खर्चमर्यादा 28 लाख होती. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे तो हिशेब उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचाच. आचारसंहितासुद्धा निवडणूक जाहीर झाल्यावर लागते. जुलैतली ताडपत्री आणि गणेश चवथीची साखर उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत येतच नाही. आपल्यासाठी ती मदत, त्यांच्यासाठी बिनहिशेबी प्रचार.

तरीही पिशवी नाकारा असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात सुकं धान्य उरलेलं नाही त्याला पणजीत बसून स्वाभिमान शिकवणं सोपं आहे. (फेसबुकवर ते काम जोरात चालतं.) काही उमेदवारांची पोरं खरोखर फावडी घेऊन आली होती, दिवसभर गाळ काढत राहिली, फोटोही टाकले नाहीत. त्यांचं मोल मी कमी करत नाही.

पण आलेल्या माणसाला नुसता चहा पाजून सोडू नका. विचारा. तिळारी धरण महाराष्ट्रात दोडामार्गला आहे, प्रकल्प दोन्ही राज्यांचा. मग पाणी सोडायच्या किती तास आधी इशारा येणार, आणि रात्री दोन वाजता तो कोणाच्या फोनवर येणार? डिचोलीच्या बाजूला खाणींचा गाळ ओहोळांत बसलाय, तो पावसाआधी कोण काढणार? मुंडकारांचे खटले मार्गी लावायला तुम्ही मामलेदार कचेरीत किती वेळा गेलात?

आमच्या वाड्यावर एका पावसाळ्यात बायकांनी एका नेत्याला असंच खुर्ची देऊन बसवलं. "भाऊ, पंचनामा होईपर्यंत बसा, मग सावकाश जावा." त्याने दोनदा घड्याळ बघितलं, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बायका हलल्या नाहीत. शेवटी त्यानेच फोन फिरवला. चार दिवस ज्या पंचनाम्याची वाट बघत होतो तो त्या दुपारी झाला.