मत बनवण्याची नाशिकरीत

राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही, म्हणून नाशिककरांनी निर्धास्त राहू नये. जुनागढला १९४८ साली, गोव्यात १९६७ साली, सिक्कीममध्ये १९७५ साली लोकांचा कौल घेतला गेलाच होता. उद्या आपल्यालाही कोणी विचारलं तर ऐनवेळी धांदल नको. समजा प्रश्न असा आला : गोदापात्रातलं काँक्रीट काढून जुन्या कुंडांचे झरे मोकळे करावेत का? होय किंवा नाही, एकावर शिक्का. मागणी जुनी आहे, त्यामुळे विषय समजून घ्यायला तुम्हाला भरपूर वर्षं मिळाली होती. ती गेली. आता मत बनवायला लागू.

पहिलं काम म्हणजे प्रश्नाच्या वाटेला न जाणं. विचारतोय कोण, तेवढं बघा. आपला असेल तर होय, त्यांचा असेल तर नाही. मध्येच विचारणाऱ्याने पक्ष बदलला तर गडबडून जाऊ नका. काँक्रीटचे गुणधर्मही त्याच्याबरोबर बदलतात. प्रश्न वाचायचाच, असा हट्ट असेल तर ५ जुलै २०१५ ची ग्रीसची मतपत्रिका आठवा. कर्जाच्या अटींचे दोन दस्तऐवज मंजूर आहेत का, असा लांबलचक प्रश्न, आणि खाली चौकोन दोन : वर ‘नाही’, त्याखाली ‘होय’. एकसष्ट टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. पंधरवडा उलटायच्या आत सरकार नव्या अटींना ‘होय’ म्हणून मोकळं झालं. प्रश्न बारकाईने वाचणाऱ्यांचा वेळ फुकट गेला तो गेलाच.

या बाबतीत गोवेकरांचा आदर्श मात्र अजिबात ठेवू नये. त्यांनी जो घोळ घातला त्याला तोड नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, असा सवाल होता. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामाही दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. दोन पानं ३४,०२१ मतांनी पुढे. इथवर ठीक. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक लागली आणि त्याच गोवेकरांनी त्याच भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं! माणूस हवा, त्याचं म्हणणं नको. माणूस वेगळा आणि मुद्दा वेगळा, असं एकदा धरून बसलं की प्रत्येक मुद्द्यावर नव्याने डोकं चालवावं लागतं. एवढी सवड कोणाला आहे?

मत मिळण्याचं ठिकाण म्हणाल तर कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. सकाळी साडेसहाला जा. तिथे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका भेटतील, त्यांना टाळा. ‘काका, काढावं का हो काँक्रीट?’ एवढं विचारायचा अवकाश, ते चालता चालता थांबतात, चष्मा पुसतात आणि ‘त्याचं असं आहे,’ म्हणून सुरू होतात. झरे कुठल्या बाजूने येतात, तळाला कातळ किती वर आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की प्रवाहाचा जोर कुठल्या काठाला लागतो, हे सगळं आधी बघावं लागेल म्हणे. बाकीची मंडळी तोवर एक फेरी मारून परत आलेली असतात. जन्म पाण्यात काढून ज्या माणसाला होय की नाही एवढं सांगता येत नाही, त्याच्याकडून काय शिकणार?

त्यापेक्षा पुढच्या घोळक्यात मिसळा. तिथे एक जण ठामपणे सांगेल, ‘सरळ आहे हो, पैसे खायचे धंदे आहेत.’ हा मुद्दा ताबडतोब खिशात टाका. काँक्रीट टाकताना पैसे खाल्ले, म्हणून काढा. काढताना पुन्हा खातील, म्हणून काढू नका. दोन्हीकडे चालणारा मुद्दा रोज रोज मिळत नाही.

स्वित्झर्लंडसारखी घरपोच पुस्तिका आपल्याकडे येत नाही, हे नशीबच. तिथे वर्षातून चारेक वेळा मतदान, आणि दर वेळी दोन्ही बाजूंचं म्हणणं छापून प्रत्येक मतदाराच्या घरी. वाचनाचे दुष्परिणाम व्हायचे ते झालेच. मार्च २०१२ मध्ये त्यांना विचारलं, पगारी रजा चार आठवड्यांवरून सहा आठवडे करायची का? दोनतृतीयांश लोक म्हणाले, नको. सुट्टी नको! हाच प्रश्न सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर विचारला असता तर मतमोजणीचीही गरज पडली नसती.

त्याच स्विस लोकांकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. बायकांना मताधिकार द्यायचा का, यावर १९५९ साली तिथे मतदान झालं, ते अर्थातच पुरुषांचं. दोनतृतीयांश पुरुषांनी नकार दिला आणि देशातल्या बायका आणखी बारा वर्षं, १९७१ पर्यंत, थांबल्या. कोणाला विचारायचं नाही हे आधी ठरलं की निकालाची काळजी राहत नाही.

हे पथ्य आपल्या महाराष्ट्रानेच मोडलं. दारूचं दुकान बंद करायचं का, यावर गावात, वॉर्डात बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. हे साफ चुकीचं आहे. या बायका ना ट्रॅकवर येतात, ना ग्रुपवर कोणाचं मत पुढे ढकलतात. थेट जाऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारतात, कारण प्रश्न त्यांना पाठ असतो. रोज रात्री तो दार वाजवून घरात येतो. इतक्या जवळून माहिती असलेल्या माणसांना मत देऊ दिलं तर आपल्यासारख्या तटस्थ विचारवंतांनी करायचं काय?

असो. सरावाला कुठे लांब जायला नको, इंदिरानगरातली कुठलीही सोसायटी घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभेची वेळ दहाची. दहाला पार्किंगमध्ये सेक्रेटरी, एक सतरंजी आणि चिवड्याची पिशवी. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा, तीच सतरंजी, पण आता गणपूर्तीची अट नाही. उपविधीतच ही सोय आहे. मग विषय : गच्चीवर सोलर बसवायचं का? तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ विचारतात, ‘खर्च किती?’ सेक्रेटरी म्हणतात, ‘तो नंतरचा विषय. आधी तत्त्वतः मंजुरी.’ तेवढ्यात चिवडा फिरतो. एका हातात फोन, दुसऱ्यात चिवडा, त्यामुळे विरोधात वर करायला हात उरत नाही. ‘कोणी विरोधात? नाही. पुढे.’ इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहून होतं, तेव्हा भाऊ हात झटकत खर्चाचा आकडा पुन्हा विचारत असतात. ज्यांच्या घरात पाणी कमी येतं ते भाडेकरू गॅलरीतून सगळं बघतात. त्यांना मत नसतं. शिस्त म्हणतात ती ही.

निकालाच्या दिवशी फार मनाला लावून घेऊ नका. स्वीडनमध्ये १९५५ साली विचारलं होतं, वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची का? ८३ टक्के म्हणाले, डावीकडूनच बरं. सरकारने सप्टेंबर १९६७ मध्ये सगळा देश उजवीकडे नेला आणि लोक निमूटपणे उजवीकडून जायला लागले. ब्रिटनमध्ये २०१६ साली मतदान उरकल्यावर युरोपियन युनियन म्हणजे काय, याचा शोध इंटरनेटवर जोरात सुरू झाला. हा क्रम आदर्श मानावा. काँक्रीट नेमकं कुठून कुठपर्यंत आहे ते आपणही मोजणी झाल्यावर, एखाद्या संध्याकाळी, भेळ खाता खाता बघून येऊ.

आणि पावसाळ्यात गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की न चुकता गोदाघाटावर जाऊन फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. तुम्ही ‘होय’वाले असाल तर खाली लिहा, ‘काढायला उशीर केला म्हणून.’ ‘नाही’वाले असाल तर लिहा, ‘काढलं म्हणून.’ फोटो एकच चालतो.