गर्भपिशवीचा कॅन्सर आणि ‘एका इंजेक्शनचा’ मेसेज

सोलापुरातल्या भिशी आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय: “गर्भपिशवीच्या कॅन्सरवर प्रतिकारशक्ती वाढवणारं इंजेक्शन आलंय. ऑपरेशन नको, किमो नको. रिपोर्टमध्ये हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर ते लागू पडतंच. हार्मोनच्या गोळ्या मात्र घेऊ नका, त्यांनीच कॅन्सर होतो.” यातलं एकेक वाक्य पेशंटला भलत्याच वाटेला लावणारं आहे.

प्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ औषध हे नव्हेच. आपल्या टी पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, आणि कॅन्सरच्या पेशी तोच दाबून धरतात. पेम्ब्रोलिझुमॅब, डोस्टारलिमॅब ही औषधं तो ब्रेक सोडवतात. गुळवेलीच्या काढ्याशी याचं काही नातं नाही. सुटलेल्या पेशी कधी थायरॉइड, आतडं, फुफ्फुस यांच्यावरही उलटतात; म्हणून इंजेक्शननंतर जुलाब लागले किंवा धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

ऑपरेशन नको? आजार पिशवीपुरता असताना ऑपरेशन हाच मुख्य उपचार आहे. इम्युनोथेरपीची, म्हणजे या इंजेक्शनांची, जागा मुख्यतः पसरलेल्या किंवा उलटून आलेल्या आजारात. आणि ‘किमो नको’ म्हणणाऱ्यांनी हे पाहावं: ज्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, त्यांत हे इंजेक्शन कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या जोडीनेच दिलं होतं.

सगळ्यात मोठा घोळ हार्मोन पॉझिटिव्हचा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर अशा ओळी असतात. ते हार्मोन रिसेप्टर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे चिकटतो त्या जागा. इंजेक्शन कितपत लागू पडेल हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वेगळ्या चार ओळी बघायच्या: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. पुढे ‘लॉस’ (म्हणजे ते प्रथिन पेशीत नाही) लिहिलं असेल, बहुतेकदा एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्हींपुढे एकदमच असतं, तर त्या पेशींत चुका साचत जातात, त्या परक्या दिसू लागतात आणि टी पेशींना ओळखू येतात. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये साधारण 25 ते 30 टक्के पेशंट या गटात मोडतात. डोस्टारलिमॅबच्या चाचणीत या गटातल्या सुमारे 61 टक्के जणींचा आजार दोन वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. नुसत्या किमोवर हे प्रमाण जेमतेम 16 टक्के. बाकीच्यांनाही फायदा दिसला, पण एवढा नाही. लाखांत जाणाऱ्या खर्चासाठी दागिने गहाण टाकण्याआधी या चार ओळी वाचायलाच हव्यात.

आता हार्मोनच्या गोळ्या. पाळी गेल्यावर, पिशवी असताना, नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर धोका वाढतो, हे खरं. पोटावरची चरबीही इस्ट्रोजेन बनवते. पण प्रोजेस्टेरॉन त्याच्या उलट काम करतं. मूल हवं असलेल्या तरुण बाईचा आजार अगदी सुरुवातीचा, कमी ग्रेडचा (हळू वाढणारा) आणि अस्तरापुरताच असेल, तर मेजेस्ट्रॉलच्या (प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या) गोळ्या किंवा हार्मोनची तांबी देऊन, पुन्हा पुन्हा बायोप्सी करत, पिशवी वाचवता येते. पसरलेल्या पण कमी ग्रेडच्या, रिसेप्टर पॉझिटिव्ह आजारातही या गोळ्यांचा उपयोग होतो. मेसेज वाचून त्या बंद करणं म्हणजे चालू उपचार तोडणं.

बार्शीला किंवा मुंबईला दाखवायला निघालात तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात बायोप्सीचा तुकडा जपलेला असतो) मागून घ्या; चार प्रथिनांची तपासणी राहिली असेल तर ती त्याच ब्लॉकवर होते.