कर नाही त्याला डर कशाला! निष्पाप नागरिकांसाठी काही सूचना

परवा एका व्याख्यानाच्या दारात नाकासमोर टॅबलेट आला. आत जायचं तर चेहरा दाखवा. व्याख्यान विनामूल्य, सर्वांसाठी खुलं, विषय विज्ञान आणि समाज. वहीत नाव लिहून सही करतो म्हटलं, तर दारावरचा पोरगा हसून म्हणाला, "काय काका, लपवण्यासारखं काही आहे वाटतं?" मागच्या रांगेतून लगेच कोरस आला, "कर नाही त्याला डर कशाला!"

इतकी निष्पाप माणसं एका रांगेत उभी असलेली क्वचित दिसतात. तेव्हा या निष्पापपणाचं व्रत त्यांना नीट पाळता यावं, म्हणून या सूचना. पाळायच्या तर पूर्ण पाळा, अर्धवट नकोत.

सुरुवात फोनपासून करा. टॉर्चचं अ‍ॅप उतरवलंत आणि त्यानं कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, मायक्रोफोन असं सगळं मागितलं, तर बिनदिक्कत 'अलाऊ' दाबा. उजेड पाडायला मेहुण्याचा नंबर कशाला लागतो, असा कोता विचार करू नका. 'फक्त या वेळी', 'फक्त अ‍ॅप वापरताना' हे पर्याय संशयी लोकांसाठी ठेवलेले आहेत. लोकेशनखाली 'अचूक' नावाचं बटण असतं, तेही चालूच राहू द्या. हवामान सांगायला अंदाजे ठिकाण पुरतं. पण तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे तासभर बसलात, कुठल्या वकिलाकडे दोनदा जाऊन आलात, हे कळायला अचूक ठिकाण लागतं. समोरच्याची तेवढी सोय पाहायला नको?

'आपला डेटा निनावी करून वापरला जाईल' असं लिहिलेलं दिसलं की निर्धास्त व्हा. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या निनावी नोंदी तपासल्या. माणूस कुठे होता आणि किती वाजता, असे चार बिंदू मिळाले तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. दोन बिंदूंतही निम्म्याहून अधिक. फोन रात्री जिथे पडून असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते ऑफिस. नाव शोधायला आणखी काय लागतं? त्याआधी लतान्या स्वीनी या संशोधिकेनं अमेरिकेतल्या जनगणनेवरून हिशोब मांडला होता: जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिथले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. हे तीनही रकाने तुम्ही लकी ड्रॉच्या कूपनवर स्वहस्ते भरता. भरत राहा.

पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा.

सुरक्षा प्रश्नात आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर खरं तेच लिहा. आणि मामांच्या वाढदिवसाला त्यांना पूर्ण नावानिशी टॅग करून शुभेच्छा द्यायला विसरू नका.

अटी व नियम वाचू नका. ज्यांनी लिहिले त्यांचीही तशी अपेक्षा नाही.

आता चेहरा. हा सढळ हातानं वाटा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलत बसावं लागतं. चेहऱ्याची ती कटकटच नाही, एकदा गेला की गेला. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यांना नवी बोटं देणारी खिडकी काही उघडता आली नाही. जर्मनीत २००८ साली तिथल्या हॅकरांच्या संघटनेनं खुद्द गृहमंत्र्यांचा ठसा पाण्याच्या ग्लासावरून उचलून छापला. बायोमेट्रिक्सचे, म्हणजे ठसे-चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचे, ते मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्याकडेही लपवण्यासारखं काही नसणारच.

'फोन तर चेहऱ्यानंच उघडता, मग दारावरच्या टॅबलेटचं काय वाकडं?' हा युक्तिवादही पाठ करून ठेवा, फार चालतो. बऱ्या फोनमध्ये चेहऱ्याचा साचा, म्हणजे आकड्यांची एक माळ, फोनमधल्याच सुरक्षित चिपमध्ये राहतो आणि प्रश्न एकच असतो: हा मालक आहे की नाही? दारावरचं यंत्र बहुधा तसा साचा दूरच्या सर्व्हरवर पाठवतं आणि विचारतं: साठवलेल्या हजारो-लाखोंपैकी हा कोण? पहिला प्रश्न एकास एक, दुसरा एकास अनेक. दुसऱ्यात चुकीची संधी यादीतल्या प्रत्येक नावागणिक वाढते. यंत्र 'हाच तो' असं कधीच म्हणत नाही. ते साम्याचा आकडा देतं, आणि किती आकड्याच्या वर 'हाच' म्हणायचं ती रेघ कोणीतरी माणूस आखतो. रेघ वर नेली तर गुन्हेगार निसटतात, खाली आणली तर भलतेच अडकतात. दोन्ही एकदम टाळणारी रेघ नसते. ही रेघ कुठे आहे, हे दारावरच्या पोराला माहीत नसतं, त्याच्या साहेबाला नसतं, आणि ज्यांनी यंत्र विकलं ते सांगत नाहीत.

ते सांगतात '९९.९ टक्के अचूक'. घ्या, मानलं. आता दिवसाला १० लाख चेहरे टिपणारे कॅमेरे घ्या, आणि त्या गर्दीत खरोखर हवे असलेले आरोपी १० आहेत असं धरा. दहाच्या दहा सापडले असंही धरून चालू. उरलेल्या निरपराधांत हजारी एक चूक, म्हणजे सुमारे १,००० माणसं. यंत्र दिवसभरात १,०१० वेळा ओरडलं, त्यातलं १,००० वेळा खोटं. शंभरातले नव्व्याण्णव इशारे चुकीचे, आणि तरीही विक्रेता खोटं बोललेला नाही! हा हिशोब शाळेतल्या पोराला जमेल. मंत्र्यांना, आयुक्तांना, निविदा काढणाऱ्यांना जमत नाही, कारण जमवायचा नसतो. त्या हजारांचं पुढे काय होतं? स्क्रीनसमोर बसलेला शिपाई दुपारपर्यंत कंटाळून बघायचं सोडतो. नाहीतर उलटं होतं, तो यंत्रावर विश्वास ठेवतो, आणि ते जास्त वाईट. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला त्याच्याच अंगणात, बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या. दुकानातल्या घड्याळचोरीची अंधूक चित्रफीत यंत्राला दाखवली होती, यंत्रानं त्याचं नाव पुढे केलं. माणूस भलताच होता. काळा होता. अमेरिकेच्याच मानक संस्थेनं, निस्टनं, २०१९ साली तपासलेल्या बऱ्याच प्रणालींत आफ्रिकी आणि आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत अशा चुका दहा ते शंभर पटींनी जास्त निघाल्या होत्या. 'डर कशाला' म्हणणाऱ्यांनी एकदा आरसा बघावा आणि आपण कुठल्या खात्यात पडतो ते ठरवावं. अडकणारा निरपराधच असतो हो! चुकीच्या इशाऱ्याचा अर्थच तो आहे. तुमचा 'कर' असण्या-नसण्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नाही.

असो. सूचना चालू होत्या.

संदेश एंड-टू-एंड कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, असले तर किल्ल्या फक्त दोन टोकांच्या फोनांत असतात आणि मधल्या कंपनीलाही मजकूर दिसत नाही. हे फारच गैर. सरकारला एक जादा किल्ली देण्याची मागणी करा. फक्त चांगल्या लोकांसाठी, फक्त न्यायालयाच्या आदेशानं. कोणी विरोध केला तर 'तुम्ही दहशतवाद्यांच्या बाजूचे का?' असं विचारा, चर्चा संपते. १९९३ साली अमेरिकेनं फोनवरचं बोलणं कूटबद्ध करणारी क्लिपर चिप नावाची अशीच सोय आणली होती. प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी कार्यालयांत ठेवायची. पुढच्याच वर्षी संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवलं की सरकारला किल्लीपर्यंत नेणाऱ्या मजकुराची पडताळणी अवघ्या १६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या १६ आकड्यांची, आहे. ६५,५३६ शक्यता यंत्राकडून चाचपून घेतल्या की खोटा मजकूर खरा म्हणून खपतो. ज्याला खरंच लपवायचंय तो आरामात लपवणार, बाकीचे उघडे.

ग्रीसमध्ये तर २००४-०५ मध्ये दूरध्वनी यंत्रणेतली 'कायदेशीर' पाळतीची सोयच कोणीतरी गुपचूप वापरली आणि शंभरावर फोन ऐकले. त्यात पंतप्रधानांचाही फोन होता. २०२४ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यात चिनी हॅकर शिरल्याचं उघड झालं, आणि न्यायालयीन आदेशानं फोन ऐकण्याच्या यंत्रणांपर्यंत त्यांचा हात पोचला होता. मग तिथले सरकारी अधिकारी लोकांना सांगू लागले, कूटबद्ध संदेशच वापरा. त्यात एफबीआयचेही होते, ज्यांनी २०१६ साली फोनचं कुलूप कमकुवत करून मागण्यासाठी अ‍ॅपलला कोर्टात खेचलं होतं. गणिताला वर्दी दिसत नाही. किल्ली ज्याच्या हातात पडली त्याला ते दार उघडून देतं, इतकं हे सरळ आहे आणि तीस वर्षं सांगून झालंय.

थुंकीही द्या. डीएनए तपासून पूर्वज शोधून देणाऱ्या कंपन्या आहेत, नळीत थुंकलं की झालं. अशाच एका मोठ्या कंपनीत, ट्वेंटीथ्री-अँड-मीत, २०२३ मध्ये चोरी झाली. चोरांनी फोडली सुमारे १४ हजार खाती, तीही दुसरीकडून गळालेले तेच ते पासवर्ड वापरून. हाती लागली ६९ लाख लोकांची माहिती, कारण खाती नातलगांशी जोडलेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि थुंकी विक्रीला निघाली. पासवर्ड एकच ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी.

अर्जात धर्माचा रकाना असेल तर ठळक अक्षरांत भरा. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंद फार काटेकोर ठेवत. पत्ता, कुटुंब, धर्म, सगळं कार्डांवर नीट लावलेलं. वाईट हेतू नव्हता, कारभार चोख व्हावा एवढाच. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि चोख कार्डं त्यांना तयार मिळाली. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. मारले जाण्याचं हे प्रमाण शेजारच्या बेल्जियमपेक्षा आणि फ्रान्सपेक्षाही कितीतरी जास्त होतं. एवढ्याला एकटी कार्डं कारण नव्हती, पण कार्डं होती. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही लोक पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात घुसले आणि स्फोट करून ती कार्डं पेटवून दिली. त्यातल्या बारा जणांना पुढे गोळ्या घातल्या गेल्या. कागदाची कपाटं जाळता यावीत म्हणून माणसं मेली. आणि तुम्हाला आज सर्व्हरवरची नोंद, जिच्या किती प्रती कुठे आहेत हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही, ती 'काय फरक पडतो' वाटते!

सरकार तुमच्या आवडीचं आहे म्हणून माहिती देताय? सरकार बदलेल, नोंद राहील. आणि आता सरकारला विचारावंही लागत नाही. २०२० मध्ये उघड झालं की नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका लोकप्रिय अ‍ॅपमधून लोकांची ठिकाणं डेटाच्या दलालाकडे जात होती, आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. वॉरंट नाही, न्यायाधीश नाही. नुसती खरेदी.

उपरोध आता मलाच झेपत नाहीये, तेव्हा सरळ बोलतो. लपवण्यासारखं काही नाही हे तुम्ही खोटं बोलता. बाजूचा माणूस फोनमध्ये डोकावला तर स्क्रीन फिरवता. आणि समजा तुमच्याकडे खरंच काही नसलं, तर ते तुमचं सुख आहे, इतरांवर लादायचा नियम नव्हे. मारणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईला नवा पत्ता लपवायचा असतो. साहेबाचा घोटाळा पत्रकाराला सांगणाऱ्या कारकुनाला नाव लपवायचं असतं. घरच्यांना नको असलेलं लग्न करणाऱ्या दोघांना, आजार कळला तर नोकरी जाईल अशा माणसाला, धर्म सोडलेल्याला, बदललेल्याला. यांतल्या कोणी कसला 'कर' केलाय? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं बारावं कलम खासगी आयुष्यात, घरात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ नको म्हणतं. कारण विचारत नाही. तुम्ही मात्र रांगेत उभे राहून विचारता, आणि दात काढता.

चेहरा मागणाऱ्याला एवढं विचारायला काय होतं: फोटो ठेवता की साचा? कुठे? किती दिवस? पुसणार कोण, आणि पुसल्याचं मला कसं कळणार? वही का चालत नाही? उत्तर नसेल तर चेहरा देऊ नका, कार्यक्रम बुडाला तर बुडू द्या. एकटा विचारतो तो विक्षिप्त ठरतो. दहा जणांनी विचारलं की वही निघते. पण तुम्ही विचारणार नाही, कारण मागे रांग खोळंबते.

आणि ती कॉन्टॅक्ट्सची परवानगी. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसीत परमिशन मॅनेजर उघडा, कॉन्टॅक्ट्सवर टिचकी मारा आणि कोणकोणत्या अ‍ॅपना ती यादी दिलीय ते वाचा. ज्या अ‍ॅपना कोणाला फोन लावायचा नसतो, त्या सगळ्यांची परवानगी काढून घ्या. आयफोन असेल तर आयओएस १८ पासून निवडक नंबरच देता येतात, तेवढेच द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आज करा. तुमचं आयुष्य चौकात मांडायचं तर मांडा. त्या यादीतल्या बाकीच्या चारशे माणसांना तुम्ही विचारलं नव्हतं. त्यात माझाही नंबर आहे, आणि तो वाटायची परवानगी मी तुम्हाला दिलेली नाही.