वलयांतल्या जखमा अमेरिकेतल्या, वणवा आपल्या डोंगरातला

फेब्रुवारी सरत आला आणि जोतिबा-पन्हाळ्याकडच्या डोंगरांवर रात्री आगीच्या रांगा दिसू लागल्या, की कोल्हापुरातल्या मोबाइलवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हजारो वर्षांच्या झाडांची वलये मोजून सिद्ध केले आहे की जंगल दर पाच-दहा वर्षांनी जळतेच, प्रत्येक आगीचे काळे वलय खोडात उमटते, दाजीपूर-गगनबावड्याची जुनी झाडे कापून पाहिली तर तीच वलये दिसतील, म्हणजे वणवा ही निसर्गाची साफसफाई आहे, त्याने पुढच्या वर्षी गवतही जोमाने येते, आणि वनखाते उगाच लोकांना दंड करते. संदेश निखळ खोटा असता तर त्याच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण त्याचा पाया एका खऱ्या आणि अतिशय काटेकोर शास्त्रात आहे, आणि त्या शास्त्राचे नाव घेऊन त्याने जे म्हटलेलेच नाही ते त्याच्या तोंडी घातले आहे, म्हणून मुद्देसूद उत्तर देणे भाग आहे.

आधी काळ्या वलयाविषयी, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. असे वलय नसते. खोडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पातळ जिवंत थर असतो. तोच दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. जमिनीलगत गवत आणि पालापाचोळा जळत जातो तेव्हा आतले लाकूड बहुधा जळतच नाही, साल तापते. आणि सालीखालचे तापमान साठ अंशांच्या आसपास पोहोचले की तेवढ्या भागातला कॅम्बियम मरतो. तोही सगळ्या घेराचा मरत नाही, कारण सगळ्या घेराचा मेला तर झाडच मरेल. घेराच्या एका बाजूची पट्टी मरते, तिच्यावरची साल काही काळाने गळून पडते, आणि जखमेच्या दोन्ही कडांवरचे जिवंत लाकूड दरवर्षी थोडे थोडे वळत, ओठ मिटावेत तसे, तिला झाकू पाहते. ती पूर्ण झाकली जाण्याआधी पुन्हा आग आली तर त्या कडेची साल पातळ असते, पाइनसारख्या झाडात तिथे राळ साचलेली असते, त्यामुळे नेमक्या त्याच जागी दुसरी जखम होते. अशा रीतीने बुंध्याशी एक त्रिकोणी खोबण तयार होते आणि तिच्या कडेला एकावर एक घड्या पडत जातात. एकेक घडी म्हणजे एकेक आग. खोडाच्या मधोमध दिसणारा गडद भाग हा गाभा असतो, त्याचा आगीशी संबंध नाही. हे वखारीत ओंडके चिरणारा कोणताही माणूस सांगेल.

जखम आगीचीच आहे हेही गृहीत धरले जात नाही. कुऱ्हाडीचा घाव, वरून गडगडत आलेला दगड, जनावराने सोललेली साल, राळ काढण्यासाठी पाडलेली खाच, यांतल्या कशानेही कॅम्बियम मरू शकतो. म्हणून अभ्यासक बुंध्याशी असलेला त्रिकोणी आकार पाहतात, कोळसा पाहतात, आणि उतारावरच्या झाडात जखम चढाच्या बाजूला आहे का हे पाहतात. कारण घरंगळलेला पालापाचोळा खोडाच्या वरच्या अंगाला साचतो आणि ज्वाळाही तिथेच रेंगाळतात. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याच परिसरातल्या इतर अनेक झाडांवर त्याच वर्षाची जखम सापडणे.

‘त्याच वर्षाची’ हे ठरवायचे कसे? संदेश म्हणतो, वलये मोजून. नुसती मोजणी पुरत नाही. फार कोरड्या वर्षी झाड खोडाच्या काही भागात वलय बनवतच नाही, आणि हंगामाच्या मध्येच ओढ पडून पुन्हा पाऊस आला तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. इथे उपयोगी पडते ती वलयांची जुळणी. आपल्याकडच्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारले तर ‘बहात्तरच्या दुष्काळात मी चालायला लागलो होतो’ असे उत्तर मिळते. आकडा चुकला तरी दुष्काळ चुकत नाही. झाडांचेही तसेच आहे. एका प्रदेशातली सगळी झाडे एकाच दुष्काळात अरुंद वलय बनवतात, त्यामुळे अरुंद आणि रुंद वलयांचा क्रम झाडाझाडांत जुळवून प्रत्येक वलयाला नेमके साल देता येते. ही पद्धत पक्की केली ती ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरील डागांचे चक्र पृथ्वीच्या हवामानात कुठे उमटते का, हे शोधताना तो झाडांपर्यंत पोहोचला, आणि १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा उभी राहिली. एकदा साल ठरले की जखम वलयाच्या कोणत्या भागात आहे यावरून ऋतूही सांगता येतो: हंगामाच्या सुरुवातीच्या विरळ, फिकट लाकडात असेल तर वाढीच्या आरंभी, शेवटच्या दाट लाकडात असेल तर अखेरीस, आणि दोन वलयांच्या सीमेवर असेल तर झाड विसावलेले असताना.

इतक्या काटेकोर पद्धतीतून निघालेले ‘दर पाच-दहा वर्षांनी जंगल जळतेच’ हे विधान तरी खरे आहे का? एका प्रकारच्या जंगलापुरते, बऱ्याच अंशी आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील पॉन्डेरोसा पाइनच्या कोरड्या, गवताळ जंगलांत काही वर्षांच्या अंतराने कमी उंचीच्या आगी येत असत. कॅलिफोर्नियातल्या महासेक्वोया वृक्षांमध्ये गेल्या सुमारे दोन हजार वर्षांतल्या आगींच्या नोंदी मिळाल्या. थॉमस स्वेटनम यांनी १९९३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पण त्याच खंडातल्या यलोस्टोनच्या उंचावरील लॉजपोल पाइनच्या जंगलात मोठ्या आगींमध्ये शतकांचे अंतर असे, आणि आग आली की बहुतेक झाडे मरत. जिथे जखमी होऊन जगणारी झाडेच थोडी, तिथे जखमांची वही कोरी राहते आणि एकाच वयाच्या झाडांच्या पट्ट्यांवरून आगीचा काळ काढावा लागतो. वलयांनी शिकवलेला पहिला धडाच हा आहे की ‘जंगल’ असे एकच काही नसते.

शिवाय ‘दर इतक्या वर्षांनी’ हा आकडा वाचायलाही शिकावे लागते. दहा एकरांतल्या वीस झाडांच्या जखमा एकत्र केल्या तर आगींची वर्षे वाढतात आणि सरासरी अंतर घटते. पण त्यांतल्या कित्येक आगी एकदोन झाडांपलीकडे गेलेल्या नसतात. म्हणून किमान चौथाई झाडांवर दिसलेल्या आगी वेगळ्या काढण्याची पद्धत आहे. जास्त जखमा असलेली झाडेच निवडल्याने आगी वारंवार येत असल्याचा खोटा भास होतो, असा आक्षेप अभ्यासकांमध्येच जोरात घेतला गेला. त्यावर ॲरिझोनातल्या रिंकन पर्वतात १९३७ पासूनच्या आगींचे लेखी नकाशे आणि झाडांवरच्या जखमा ताडून पाहिल्या गेल्या, आणि मोठ्या आगींच्या बाबतीत त्या चांगल्या जुळल्या. शास्त्र असे स्वतःला तपासत पुढे जाते. फिरत्या संदेशाला तशी गरज वाटत नाही.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नैर्ऋत्य अमेरिकेत १८८० ते १९०० च्या सुमारास जखमा एकाएकी थांबतात, कारण मेंढरांनी आणि गुरांनी आग वाहून नेणारे गवत खाऊन टाकले. पुढे सरकारनेच आगी विझवायला घेतल्या आणि १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे असे धोरण ठरले. परिणामी जंगलात सुके इंधन साचत गेले. आज तिथे ठरवून, हवामान पाहून, माणसे उभी करून मर्यादित आगी लावल्या जातात, त्यामागे वलयांच्या पुराव्याचा मोठा वाटा आहे. ‘काही जंगलांना आगीची गरज असते’ हे त्यामुळे खरेच. दुपारच्या वाऱ्यात काडी टाकून निघून जाणे त्यात बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता दाजीपूर आणि गगनबावडा. इथे संदेशाची गाडी रुळावरून पूर्ण घसरते. आपल्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलातल्या अंजनी, जांभूळ अशा झाडांत स्पष्ट वार्षिक वलये मिळतीलच असे नाही. बारमाही हिरव्या झाडाची वाढ, कडक हिवाळ्याच्या प्रदेशात थांबते तशी, एका ठोक रेषेवर थांबत नाही. भारतात वलयांचा अभ्यास होतो, पण निवडक झाडांवर. साग पानगळीचा असल्याने त्यात वर्षवलये उठून दिसतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केरळातल्या सागाच्या पाचशेहून अधिक वर्षांच्या वलयांवरून मोसमी पावसाचे दुष्काळ वाचले आहेत. तो अभ्यास पावसाचा आहे, आगीचा नव्हे. आगीच्या जखमांची कालगणना शक्य आहे हे उत्तराखंडातल्या चीड पाइनवर दाखवले गेले, आणि चीड हा राळेचा, जाड सालीचा वृक्ष आहे. राळेने मुरलेली जखम शतकानुशतके टिकते. सह्याद्रीच्या पावसात उघड्या पडलेल्या जखमेत बुरशी आणि वाळवी शिरतात, आणि ज्या कडेवर नोंद असायची तीच पोकळ होते. पातळ सालीची सदाहरित झाडे तर जखम घेऊन जगण्यापेक्षा मरण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे एखाद्या खोडात जखमा दिसल्या नाहीत म्हणून ‘इथे आग नव्हती’ असे म्हणता येत नाही, आणि ॲरिझोनात दिसल्या म्हणून ‘इथेही होती’ असेही म्हणता येत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाचेही तसेच. ॲरिझोनात मे-जूनमध्ये रान कोरडेठाक असते आणि जुलैच्या पावसाआधी पाणी न टाकणाऱ्या विजा पडतात. तिथल्या बऱ्याच जखमा वलयाच्या सुरुवातीच्या लाकडात सापडतात, त्या यामुळे. आपल्याकडे वीज येते ती वळवाबरोबर, आणि वळीव बहुधा झोडपूनच जातो. वणव्यांचा जोर मात्र त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी-मार्चपासून असतो, जेव्हा आकाशात ढगही नसतो. त्या आगी गवतासाठी, बांध साफ करताना, विडी-सिगारेटच्या थोटकाने किंवा निव्वळ खोडीने लागतात. अमेरिकेतही सगळ्या आगी विजेच्या नव्हत्या. तिथले मूळ रहिवासी आग वापरत आणि न्यू मेक्सिकोतल्या हेमेझ पर्वतात त्यांच्या लहान लहान आगींच्या खुणा झाडांवर सापडल्या आहेत. म्हणजे जखम आग सांगते, काडी कोणी ओढली ते सांगत नाही.

गवताविषयी थोडक्यात: जळलेल्या उतारावर लवकर हिरवा फुटवा येतो, हे खरे आहे. पण त्या गवतातला नत्र बराचसा धुरातून जातो, आणि उरलेली राख जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात उघड्या उतारावरून वाहून ओढ्याला मिळते. शिवाय गवताच्या नावाने लावलेली आग गवतापाशी थांबत नाही, ती झाडोऱ्यात शिरते.

राहिला दंड, आणि ‘कापून पाहा’ हा सल्ला. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचीही मनाई आहे. दाजीपूरचे जंगल ज्या राधानगरी अभयारण्यात येते, ते २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. तिथले उभे झाड तोडून वलये पाहण्याची सूचना त्यामुळे बेकायदा तर आहेच, पण अनावश्यकही आहे. अभ्यासक वलयांचा क्रम घेण्यासाठी पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढा नमुना काढतात, आणि जखमांसाठी शक्यतो मेलेल्या बुंध्यांची, पडलेल्या खोडांची फक्त पाचर कापतात. मग ती एकाहून एक बारीक सँडपेपरने, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसेपर्यंत घासतात. कोणी म्हणेल, मग शहरातल्या वखारीतलाच एखादा जुना ओंडका घेऊन बसू. बसता येईल, वलयेही दिसतील. पण तो कोणत्या डोंगरावरचा, उताराच्या कोणत्या अंगाचा, त्याच्या शेजारी कोणती झाडे होती, हे वखारवाल्याला ठाऊक नसते, आणि तेवढे ठाऊक नसेल तर त्यावरची जखम कोणत्याच जंगलाची नसते.