कागद नसले तरी ताऱ्यावर नंबर असतो

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा सैनिकांवरचा एक लेख वाचून माझ्या वडिलांविषयी लिहावेसे वाटले. ते पलटणीत होते एवढेच आम्हाला ठाऊक होते. समुद्रापार गेल्याचा एकही कागद घरात नव्हता आणि ते स्वतः त्याविषयी कधी बोलले नाहीत. फक्त चहाबरोबर पाव मागताना ते त्याला ‘पाने’ म्हणत, आणि हा इटालियन शब्द आहे हे मला ते गेल्यानंतर कळले.

ट्रंकेच्या तळाशी धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला, काळवंडलेला सहा टोकांचा तारा, म्हणजे युद्धसेवेचे पदक, सापडला. कोरड्या फडक्याने पुसल्यावर मागच्या बाजूस ठोकलेला त्यांचा लष्करी नंबर आणि नाव स्पष्ट दिसले, तेव्हा माझे हात थरथरत होते. ब्रिटिश सैनिकांना हे तारे नावाशिवाय दिले जात, भारतीयांच्या ताऱ्यांवर मात्र नाव ठोकलेले असे, ही गोष्ट त्या लेखात यायला हवी होती, कारण कागद हरवलेल्या कुटुंबांच्या हाती हाच एक धागा उरतो. युद्धातून परतलेल्यांच्या शोधासाठी युद्धस्मशानांच्या याद्या धुंडाळून उपयोग नसतो; त्यांत फक्त कामी आलेल्यांची नावे असतात.

10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबर खोऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे धारातीर्थी पडले ती मराठा पलटणीची तिसरी बटालियन, की 9 एप्रिल 1945 रोजी तिथल्याच सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉसचे दुसरे मानकरी नामदेव जाधवांनी पराक्रम गाजवला ती पहिली, यांपैकी वडील कोणत्या बटालियनमध्ये होते, याचा शोध मी त्या नंबरावरून अजून घेतो आहे.